पाणी ओसरल्यानंतर : चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीला जाण्याची पूर्वतयारी

अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात उठणाऱ्या उष्णकटिबंधीय चक्रीवादळातील वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरपर्यंत पोहोचला की त्याला ‘हरिकेन’ म्हणतात. अरबी समुद्रातले किंवा बंगालच्या उपसागरातले तीव्र चक्रीवादळ आणि हरिकेन ही एकाच जातीची वादळे असून सागराप्रमाणे त्यांचे नाव तेवढे बदलते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा या वादळांचा हंगाम मानला जातो आणि मोठे वादळ येऊन गेले की देशभरातून हजारो माणसे रजा काढून, गाडीत अवजारे भरून मदतीसाठी किनाऱ्याकडे निघतात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि पुरेशा तयारीविना आलेला स्वयंसेवक संकटग्रस्त गावाच्या तुटपुंज्या अन्नपाण्यात, निवाऱ्यात आणि वैद्यकीय सेवेत वाटेकरी होतो, हा अनुभव इतक्या वेळा आला आहे की स्वयंसेवकाची पूर्वतयारी हा आपत्तीच्या अभ्यासातला एक स्वतंत्र विषयच बनला आहे.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण २००५ सालच्या कॅटरिना वादळाचे आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी हे वादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर होता, म्हणजे वादळांची तीव्रता १ ते ५ अशा श्रेणींत मोजणाऱ्या सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीवर ते तिसऱ्या श्रेणीचे होते. शेजारच्या मिसिसिपी राज्यात वादळी उधाणाचे, म्हणजे मुख्यतः वाऱ्याच्या रेट्यामुळे फुगून किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राचे, पाणी काही ठिकाणी साडेआठ मीटरच्या आसपास पोहोचले. न्यू ऑर्लिन्स शहराचा खरा घात झाला तो मात्र तटबंध फुटल्यामुळे. या शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि कालव्यांच्या कडेच्या पूरभिंती व मातीचे बांध यांच्या भरवशावर तो वसलेला होता. सतराव्या रस्त्याचा कालवा, लंडन ॲव्हेन्यू कालवा आणि इंडस्ट्रियल कालवा यांच्या भिंती फुटल्या, त्यांतल्या काही तर पाणी माथ्यावरून वाहण्याआधीच पायथ्याशी खचल्या, आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. सप्टेंबरअखेर आलेल्या रिटा वादळाने काही वस्त्या पुन्हा बुडवल्यामुळे शेवटचे पाणी उपसले जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. हजारो घरे उन्हाळ्याच्या दमट उकाड्यात, वीज बंद आणि दारे-खिडक्या लावलेल्या अवस्थेत, कित्येक आठवडे तशीच ओली राहिली. स्वयंसेवकांना पुढे जे काम करावे लागले, त्याचे स्वरूप या एका गोष्टीने ठरवले.

पहिल्या वर्षातच पाच लाखांहून अधिक स्वयंसेवक आखाती किनाऱ्यावर काम करून गेले. त्यांत २००६ च्या वसंत ऋतूतली सुट्टी समुद्रकिनाऱ्यावर न घालवता न्यू ऑर्लिन्सच्या पडझड झालेल्या घरांत घालवणारे विद्यापीठांचे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते. ‘कॉमन ग्राउंड’ या वादळानंतर काही दिवसांतच उभ्या राहिलेल्या संस्थेचे स्वयंसेवक नाइन्थ वॉर्ड भागातल्या एका बंद पडलेल्या शाळेत खाटा मांडून राहत, तर शेजारच्या सेंट बर्नार्ड परगण्यात २००६ साली ‘सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट’ ही घरे पुन्हा राहण्याजोगी करून देणारी संस्था सुरू झाली. एवढी माणसे जिथे येतात तिथे ती झोपणार कुठे, जेवणार काय आणि त्यांचे शौचालय कोणते, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटले तरी मदतकार्याचे यशापयश बरेचसे त्यांवरच अवलंबून असते.

संकटस्थळाकडे माणसे आणि वस्तू आपोआप ओढल्या जातात या प्रवृत्तीचा शास्त्रीय अभ्यास चार्ल्स फ्रिट्झ आणि जे. एच. मॅथ्यूसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५७ सालीच केला होता. या ओढीला त्यांनी जी संज्ञा दिली तिचा अर्थ ‘अभिसरण’, म्हणजे चहूबाजूंनी एका बिंदूकडे येणे, असा होतो. आपत्तीनंतर त्या स्थळी येणाऱ्यांचे त्यांनी पाच वर्ग पाडले : आपल्या घराकडे परतणारे, आप्तांच्या काळजीने आलेले, मदतीला आलेले, कुतूहलाने बघायला आलेले आणि संकटाचा गैरफायदा घ्यायला आलेले. या वर्गवारीचे महत्त्व असे की रस्त्यावरच्या पोलिसाला हे पाचही जण सारखेच दिसतात. ज्या एकाच रस्त्यावरून रुग्णवाहिका जायची आहे, तोच रस्ता सद्भावनेने आलेल्या मोटारींनी अडतो. माणसांसारखीच गत वस्तूंची होते. न मागता पाठवलेले जुने कपडे निवडायला, धुवायला आणि साठवायला माणसे व गोदाम लागते, आणि या ढिगाऱ्याला आपत्ती व्यवस्थापनातले लोक ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

यावर अमेरिकेत निघालेला उपाय मोठ्या वादळातूनच जन्माला आला. १९६९ साली कॅमिल नावाच्या वादळाने मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा अनेक सेवाभावी संस्था एकाच गावात एकच काम करत होत्या आणि शेजारच्या गावात कोणीच पोहोचत नव्हते. त्या अनुभवातून १९७० साली आपत्तीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा एक राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या शाखा पुढे राज्याराज्यांत निघाल्या. म्हणून स्वयंसेवकाच्या तयारीची पहिली पायरी सामान बांधण्याची नसून एखाद्या संस्थेशी स्वतःला जोडून घेण्याची आहे. कुठल्या वस्तीत, कुठल्या तारखांना, किती माणसे, कोणत्या कामासाठी हवी आहेत, मुक्कामाची सोय कुठे आहे आणि अपघात झाल्यास विम्याचे काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय निघू नये. एकट्याने, कोणाला न कळवता थेट दाखल झालेल्या माणसाला इच्छा असूनही काम देता येत नाही, कारण त्याचे कौशल्य कोणी पारखलेले नसते आणि परक्याच्या घरात त्याला पाठवण्याची जबाबदारी कोणी घेऊ शकत नाही.

शरीराची तयारी निदान महिनाभर आधी सुरू व्हावी लागते. ढिगाऱ्यात गंजलेले खिळे, फुटक्या काचा आणि पत्र्याच्या धारा असल्यामुळे धनुर्वाताची लस हा अत्यावश्यक भाग आहे. या लसीची मात्रा दर १० वर्षांनी घ्यायची असते, आणि घाणेरडी जखम झाली व आधीची मात्रा ५ वर्षांहून जुनी असली तर ती पुन्हा घ्यावी लागते. रोजच्या औषधांचा साठा मुक्कामाच्या दिवसांहून थोडा अधिक घ्यावा, कारण तिथले औषधांचे दुकानही बुडालेले असू शकते. उन्हाच्या त्रासाला बाहेरून आलेली माणसे अधिक बळी पडतात, आणि त्यासाठी कामगारांच्या आरोग्यशास्त्रात एक साधा नियम आहे : उकाड्याची सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या फक्त २० टक्के वेळ काम करावे आणि नंतर रोज तेवढीच भर घालत जावे. चार दिवसांसाठी आलेल्या उत्साही माणसाला हे पटणे अवघड असते. पण दुपारी चक्कर येऊन पडलेल्या एका माणसामागे तुकडीतली दोन माणसे आणि एक मोटार अडकते, हे लक्षात घेतले म्हणजे नियमाचे मोल कळते. तहान लागो न लागो, दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे हाही कामाचाच भाग मानावा.

सामानात जाड तळव्याचे बूट किंवा गमबूट, आत कापडाचे व वर चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि एन-९५ दर्जाचे मुखपट्ट हवेत. मुखपट्टाच्या नावातला ९५ हा आकडा हवेतले ९५ टक्के सूक्ष्म कण अडवण्याच्या क्षमतेचा निदर्शक आहे; पण ते चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसले तरच ही क्षमता खरी ठरते, दाढीवर ते नीट बसत नाही, आणि वायू तर त्यातून अडतच नाहीत. जुन्या अमेरिकी घरांच्या रंगात शिसे असते, कारण तिथे घरगुती रंगांत शिशाचा वापर १९७८ साली बंद झाला. त्याच काळातल्या फरशांत व छतांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे तंतुमय खनिज, सापडू शकते. जुने घर फोडण्याआधी म्हणूनच जाणकाराचा सल्ला घेतला जातो. विजेसाठी जनित्र वापरायचे असेल तर ते घरापासून किमान ६ मीटर दूर आणि उघड्यावर ठेवावे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि वादळात वाचलेली माणसे नंतर या वायूने दगावल्याच्या घटना जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळानंतर घडतात.

प्रत्यक्ष काम कसे असते हे आधी माहीत असणे हीदेखील तयारीच आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या घरापाशी पोहोचल्यावर पहिल्यांदा दिसे ती दर्शनी भिंतीवर फवाऱ्याच्या रंगाने काढलेली मोठी फुली. शोधपथकांची ती खूण होती : फुलीच्या डाव्या कोनात पथकाचे नाव, वरच्या कोनात तारीख, उजव्या कोनात आत आढळलेले धोके आणि खालच्या कोनात सापडलेल्या जिवंत वा मृत माणसांची संख्या. पुष्कळ घरांवर खाली शून्य असे, काहींवर नसे. ज्या घराच्या खालच्या कोनात शून्याखेरीज दुसरा आकडा आहे, त्या घरात शिरताना आवाज किती चढवायचा, हे स्वयंसेवकाला बाहेर उभे असतानाच कळायला हवे. काही घरमालकांनी दुरुस्ती झाल्यावरही ती फुली वर्षानुवर्षे पुसली नाही.

आतले काम ‘घर सोलण्याचे’ असते. अमेरिकेतली सामान्य घरे लाकडी सांगाड्याची असून त्यांच्या आतल्या भिंती ‘ड्रायवॉल’च्या, म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबलेल्या जिप्समच्या पाट्यांच्या असतात. ही पाटी पाणी वर शोषून घेते, त्यामुळे घरात गुडघाभर पाणी आलेले असले तरी ओल कमरेपर्यंत चढलेली असते, आणि ओल्या जागेत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. पाट्यांची रुंदी साधारण ४ फूट असल्याने, पाणी फार उंच चढलेले नसेल तर त्याच उंचीवर सरळ रेष आखून खालचा भाग कापतात, म्हणजे पुढे नवी पाटी आडवी तंतोतंत बसते. कॅटरिनानंतरच्या बहुतेक घरांत मात्र ही सवलत नव्हती. तिथे कटावणी आणि हातोड्याने छतापर्यंतच्या सगळ्या पाट्या, त्यांमागचा कापसासारखा उष्णतारोधक थर, जमिनीवरचे गालिचे, स्वयंपाकघरातली कपाटे असे सारे काढून केवळ उभे लाकडी खांब ठेवावे लागत. त्यानंतर खांबांतला एकेक खिळा उपटायचा, लाकूड घासायचे, धुवायचे आणि वाळू द्यायचे. नुसते विरंजक द्रव फवारले की बुरशी गेली, ही समजूत चुकीची आहे, कारण सच्छिद्र लाकडात ती आत मुरलेली असते. घासणे आणि वाळवणे हाच खरा उपाय. असे द्रव अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

शीतकपाटाचा नियम तर प्रत्येक तुकडीला पहिल्याच सकाळी सांगितला जाई : ते उघडायचे नाही. आठवडेच्या आठवडे विजेविना कुजलेल्या मांसमासळीसकट त्याला चिकटपट्टीचे वेढे द्यायचे आणि ढकलगाडीवर बांधून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे. कडेचा ढीगही कसाही रचून चालत नाही. झाडाच्या फांद्या, बांधकामाचा मलबा, फ्रिज-धुलाईयंत्रांसारखी उपकरणे, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रंग व कीटकनाशकांसारखी घातक द्रव्ये आणि घरातला सामान्य कचरा यांचे वेगवेगळे ढीग करावे लागतात, कारण प्रत्येकाची गाडी वेगळी असते आणि मिसळलेला ढीग कोणीच उचलत नाही.

या कामातला सर्वांत नाजूक क्षण मात्र अवजारांशी संबंधित नाही. भिजलेल्या गादीखाली किंवा कपाटाच्या फुगलेल्या कप्प्यात छायाचित्रांचा अल्बम सापडतो. पाने एकमेकांना चिकटलेली, कडेने चिखल, एखाद्या लग्नातल्या माणसांचे चेहरे रंग विरघळून वाहून गेलेले. अनोळखी माणसाच्या दृष्टीने तो कचरा असतो आणि फावड्याने उचलून घमेल्यात टाकण्याइतकेच ते सोपे असते. पण छायाचित्रे वाचवता येतात : ती ओली असतानाच अलगद सुटी करून, पृष्ठभागाला बोट न लावता, थंड स्वच्छ पाण्यात विसळून सावलीत पसरली तर पुष्कळशी टिकतात, आणि दोन दिवसांत वाळवणे शक्य नसेल तर ती गोठवून ठेवता येतात. म्हणून अनुभवी तुकड्या कामाला लागण्याआधी एक मोकळा टब आणि एक कोरडी पेटी बाजूला ठेवतात आणि घरमालक समोर असल्याशिवाय कागद, दागिना, चित्र वा मूर्ती यांतले काहीही ढिगाऱ्यात जाऊ देत नाहीत. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निर्णय घरमालकाचा असतो. त्याला एका फुटक्या कपापाशी अर्धा तास थांबायचे असेल तर तुकडीनेही थांबावे. त्या अर्ध्या तासाला कोणी वाया गेलेला म्हणू नये. पडक्या घरासमोर स्वतःचे छायाचित्र काढणे किती क्रूर आहे, हेही निघण्यापूर्वीच समजलेले बरे.

काम सुरू करण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी आणि नुकसानीची छायाचित्रे हवीत, कारण पूर विम्याच्या दाव्यासाठी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला पुरावा लागतो आणि उत्साहाच्या भरात फेकलेल्या गालिच्याबरोबर त्याची भरपाईही जाऊ शकते. असाच दुसरा कागद हजेरीचा. अमेरिकेत जाहीर आपत्तीनंतर मलबा हटवण्यासारख्या सार्वजनिक कामाचा साधारणतः किमान ७५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलते आणि उरलेला वाटा राज्य व स्थानिक संस्थांना भरावा लागतो. पात्र कामावर स्वयंसेवकांनी दिलेल्या तासांचे मूल्य नियमांनुसार या स्थानिक वाट्यात धरता येते. त्यामुळे सकाळी व संध्याकाळी नोंदवहीत नाव, वेळ आणि कामाची जागा लिहिणारा स्वयंसेवक त्या गरीब परगण्याच्या तिजोरीत खरोखरीची भर घालत असतो, आणि नोंद न करता निघून जाणारा ती भर नकळत बुडवतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे दापोली-मंडणगड या पट्ट्यातली कौले व पत्रे उडाले आणि नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तिथे भिंती सोलण्याचे काम नव्हते. तोंडावर आलेल्या पावसाआधी छपरे शाकारण्याचे आणि वाडीत एकमेकांवर पडलेली झाडे तोडून वाट मोकळी करण्याचे होते, आणि ताणाखाली वाकलेले झाड कापताना ते कुठल्या बाजूला उसळेल हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती यांत्रिक करवत देणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. पंचनामा होण्याआधी पडझड आवरून टाकली तर नुकसान दाखवायचे कसे, ही कोकणातल्या बागायतदाराची चिंता आणि न्यू ऑर्लिन्सच्या घरमालकाची विम्याची चिंता एकाच स्वरूपाची आहे. त्या वर्षी करोनाची साथ असल्यामुळे शहरातून येणारा मदतनीस रोगही घेऊन येईल ही भीती रास्त होती. सुपारीचे नवे रोप उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे तरी लागतात, त्यामुळे वाडीवाल्याच्या लेखी ते वादळ जूनच्या त्या एका दिवसात संपलेच नाही.

केव्हा जावे, या प्रश्नाचे उत्तरही इथेच दडलेले आहे. वादळाच्या बातम्या दूरचित्रवाणीवर असतात तेव्हा स्वयंसेवकांची रीघ लागते, आणि नेमके तेव्हा शोध, सुटका, वीज आणि पाणी ही प्रशिक्षित पथकांची कामे चालू असतात. सामान्य माणसाच्या हातांची गरज त्यानंतर सुरू होते आणि फार काळ राहते. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० साली ४,८४,६७४ होती, ती २०१० साली ३,४३,८२९ आणि २०२० साली ३,८३,९९७ भरली. लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये तर कित्येक घरांच्या जागी अजून गवतच आहे. सोललेल्या घराचे खांब वाळायला आठवडे लागतात. ओलावामापकाच्या दोन सुया लाकडात टोचून तुकडीचा प्रमुख आकडा वाचतो, आणि तो १५ टक्क्यांच्या आसपास उतरल्याशिवाय नव्या पाट्या ठोकू देत नाही, कारण घाईने बंद केलेल्या भिंतीत बुरशी पुन्हा वाढते. आकडा उतरला तरी पाट्या बसवणारे, सांधे भरणारे, रंग देणारे हात तोवर आपापल्या गावी परतलेले असतात, आणि घरमालक अंगणात उभ्या केलेल्या सरकारी ट्रेलरमध्ये राहून त्यांची वाट पाहत असतो. ऑगस्टमधल्या वादळासाठी फेब्रुवारीतली रजा मागून ठेवणारा स्वयंसेवक त्या दारात पोहोचतो, तेव्हा लाकूड कोरडे झालेले असते आणि पाट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात.